जगातील पहिली महिला वास्तुविशारद कोण?

स्वतंत्र व्यवसाय ही कसोटी मानली, तर हा मान सामान्यतः अमेरिकेच्या लुईझ बेथ्यून यांना दिला जातो. त्यांनी 1881 मध्ये बफेलो येथे स्वतःचे कार्यालय सुरू केले आणि 1888 मध्ये अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स या व्यावसायिक संस्थेने त्यांना पहिली महिला सदस्य म्हणून प्रवेश दिला. बफेलोचे हॉटेल लाफायेत ही त्यांची सर्वांत परिचित वास्तू. मात्र त्यांच्याकडे पदवी नव्हती, त्या दुसऱ्यांच्या कार्यालयात उमेदवारी करून शिकल्या होत्या. पदवीचाच निकष लावायचा असेल, तर 1879 मध्ये अमेरिकेच्या इलिनॉय विद्यापीठातून पदवीधर झालेल्या मेरी पेज यांचे, आणि युरोपात 1890 मध्ये हेलसिंकी येथून पदवीधर झालेल्या फिनलंडच्या सिग्ने हॉर्नबोर्ग यांचे नाव पुढे येते.

अर्थात ‘पहिली’ हे विशेषण इथे जपूनच वापरावे, कारण सतराव्या शतकात रोममध्ये प्लाउतिल्ला ब्रिची यांनी एका संपूर्ण व्हिलाचा आराखडा केला होता आणि तिच्या बांधकामाच्या करारात त्यांचा उल्लेख वास्तुरचनाकार या अर्थाच्या स्त्रीलिंगी शब्दाने झालेला आहे. ती व्हिला 1849 च्या युद्धात उद्ध्वस्त झाली, परंतु सान लुइजी देई फ्रान्चेझी या चर्चमधील त्यांनी रचलेले प्रार्थनादालन आजही पाहता येते.