डिझेल इंजिनात नेमकं किती डिझेल जातंय हे कसं मोजायचं? काळा धूर येतो म्हणून पंपाचा स्क्रू मागे घ्यावा का?

तुमचं इंजिन जनरेटरवरचं, चार सिलिंडरचं, इनलाइन पंपाचं (प्रत्येक सिलिंडरला वेगळा प्लंजर म्हणजे दट्ट्या, सगळे एका ओळीत). लोड आला की काळा धूर टाकतं आणि मिस्त्री म्हणतो स्क्रू मागे घेऊ. कळकळीची विनंती आहे, आज तरी पंपाच्या स्क्रूवरचं सील तोडू देऊ नका. माझी बरीच वर्षं पंप कॅलिब्रेशनच्या, म्हणजे पंप मोजून जुळवायच्या, बेंचवर गेली आहेत, म्हणून सांगतो.

जनरेटरवर किती डिझेल जायचं ते गव्हर्नर, म्हणजे फेरे स्थिर ठेवणारी यंत्रणा, ठरवतो. लोड वाढला, फेरे पडायला लागले की तो रॅक, म्हणजे पंपातली डिझेल कमी-जास्त करणारी दांडी, पुढे ढकलतो. मिस्त्री म्हणतो तो कमाल स्क्रू म्हणजे फक्त रॅकची शेवटची अडण. रॅक तिथपर्यंत पोचतच नसेल तर स्क्रू थोडा मागे घेऊन काहीच फरक पडणार नाही. पोचत असेल तर धूर कमी दिसेल, पण पूर्ण लोडवर इंजिन बसेल.

म्हणून आधी मोजा. टाकीची लाइन काढून खुणा असलेल्या काचेच्या नळकांड्यातून डिझेल द्या. रिटर्नची नळीही त्याच नळकांड्यात सोडा. इथेच बहुतेकांचं चुकतं! पंपाकडे जळतं त्यापेक्षा बरंच जास्त डिझेल जातं आणि उरलेलं परत येतं. ते बाहेर सोडलं तर इंजिन भलतंच पितंय असं वाटतं. लाइनमधली एअर नीट काढा, लोड स्थिर ठेवा आणि घड्याळ लावा. नळकांडं पूर्ण रिकामं मात्र होऊ देऊ नका, नाहीतर परत एअर धरेल.

समजा 200 सीसी 80 सेकंदांत संपलं, म्हणजे तासाला 9 लिटर. लिटरला 0.84 किलो धरलं तर साधारण साडेसात किलो. मीटरवर 27 किलोवॅट दिसत असतील तर आल्टरनेटरची घट धरून इंजिन 30 देतंय, म्हणजे किलोवॅट-तासाला 250 ग्रॅम. जुन्या घडणीच्या इंजिनाला हे ठीक आहे. चांगल्या लोडवरही आकडा 300 च्या पुढे गेला तर डिझेल जातंय पण नीट जळत नाहीये. तेव्हा आधी एअर फिल्टर, टर्बो असेल तर त्याचे होज, मग नोझल (सिलिंडरमध्ये फवारा मारणारं टोक) गळतंय का आणि फवाऱ्याचं टायमिंग मागे पडलंय का, हे बघायचं. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी, किंवा फवारा नीट फुटत नाही.

आता हाच 9 लिटरचा हिशोब एका फवाऱ्यावर आणा. मिनिटाला 1500 फेरे, दर सिलिंडरला दोन फेऱ्यांत एक फवारा, म्हणजे चार सिलिंडरचे मिळून तासाला 1,80,000 फवारे होतात. एका फवाऱ्याला 0.05 सीसी, म्हणजे पाण्याचा जेमतेम एक थेंब. स्क्रू अंदाजाने फिरवणारा माणूस त्या थेंबाचा अंश हलवत असतो.

माझ्याकडे एकदा सील तुटलेला पंप आला होता. बेंचवर चढवला, कॅलिब्रेशनचं तेल गरम होऊ दिलं आणि ठरलेले स्ट्रोक मोजले. काचेच्या तीन नळ्यांत पातळी सारखी, चौथीत बोटभर खाली. त्या एलिमेंटचा, म्हणजे त्या सिलिंडरच्या पंपाच्या भागाचा, डिलिव्हरी व्हॉल्व्ह (डिझेल नोझलकडे सोडणारा) झिजला होता. ताकद कमी पडते म्हणून कोणीतरी कमाल स्क्रू वाढवला होता, त्यामुळे उरलेले तीन सिलिंडर जास्तीचं डिझेल खाऊन काळे फेकत होते. व्हॉल्व्ह बदलला, मग त्या प्लंजरच्या बाहीचा क्लॅम्प सैल करून बाही केसभर फिरवली. प्लंजरचा स्ट्रोक कायम तेवढाच असतो. बाहीबरोबर प्लंजर फिरला की त्याची तिरकी खाच भोकापाशी लवकर किंवा उशिरा येते आणि तेवढं डिझेल कमी-जास्त होतं. चारही नळ्या जुळल्यावरच कमाल स्क्रू कंपनीच्या आकड्यावर आणला. हे काम इंजिनावर बसलेल्या पंपात डोळ्यांनी होत नाही.

कॉमन रेल (सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणारी पद्धत) असतं तर पान्याने जुळवायला काही उरतच नाही, ते सगळं कंट्रोल युनिटकडे असतं. आणि कुठलाही पंप असो, चालू इंजिनात नोझलच्या लाइनची गळती हाताने चाचपू नका. ती धार कातडीत शिरते, आणि तसं झालं तर जखम छोटी दिसली तरी लगेच दवाखाना गाठायचा.

तुम्ही एअर फिल्टर बदला, निम्म्या आणि पूर्ण लोडवर वरच्या पद्धतीने मोजा आणि दोन्ही वेळचे सेकंद, किलोवॅट, फेरे इथे लिहा. पंप उतरवायचा की नाही ते त्यावरून सांगतो.