अंगठा दुखतो, क्रोशाची सुई कोणती घेऊ?

रबरी मुठीची महाग सुई घेऊ की साधीच बरी, असं विचारलंय तुम्ही. मुठीचीच घ्या. घरात कोणी 'नखरे' म्हणालं तर हा किस्सा ऐकवा.

भाचीच्या रुखवतासाठी मी दोऱ्याचं तोरण विणायला घेतलं होतं. 1 मिलिमीटरची स्टीलची सुई, मूठ म्हणून काही नाही, अंगठा टेकायला नखाएवढी चपटी जागा. आठव्या दिवशी अंगठ्याच्या बुडाशी अशी कळ यायला लागली की कुकरचं झाकण फिरवता येईना. नणंद रामबागेतून आलेली. म्हणाली, "वहिनी, आईने असल्याच सुईवर अख्खा पलंगपोस केला, तिचा हात नाही कधी दुखला." तोरण अर्धं राहिलं ते राहिलंच. रुखवतात राजवाड्यावरच्या बाजारातून आणलेलं तयार मांडलं, आणि तयार आणलंय हे चार जणींना सांगितलं कोणी? नणंदेनेच.

सासूबाई गेल्यावर त्यांचा बिस्किटांचा डबा उघडला. गुंड्या, टाचण्या आणि पलंगपोसाची ती सुई. मधोमध सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून वर दोरा करकचून बांधलेला. रबरात अंगठ्याचा खळगा पडलेला. नणंदेसमोर ठेवली, तर म्हणे, "हरवू नये म्हणून बांधलं असेल."

तर मूठ हवीच. सुई पेनासारखी धरत असाल तर आखूड चालते, सुरीसारखी वरून धरत असाल तर तळव्यात टेकेल इतकी लांब बघा. मूठ सुईच्या टोकाच्या आकड्याला फार जवळ नको, दुहेरी खांब, म्हणजे दोन वेढ्यांचा उंच टाका, घालताना वेढे तिथेच अडकतात. माप दांड्याचं असतं, मुठीने नमुना बिघडत नाही. स्टीलच्या सुयांचे नंबर मात्र उलटे, मोठा नंबर म्हणजे बारीक सुई, तेव्हा मिलिमीटर वाचूनच घ्या. महाग वाटली तर आहे त्याच सुईला कापडी पट्टी गुंडाळा, सासूबाईंनी ट्यूबची गुंडाळलीच की.

रात्री बोटांना मुंग्या येत असतील तर मात्र आधी डॉक्टर. आणि मी फार घट्ट विणते हे नणंदेचं म्हणणं खरं आहे. हात सैल असेल तर साध्या सुईवरही बरंच निभतं.

ट्यूबवाली सुई नणंद हल्ली मागतेय, आईची आठवण म्हणून. मी दिलेली नाही.