तंबूला तणाव नको म्हणे!

प्रश्न असा आलाय: भंडारदऱ्याजवळ शेतात एक ताई आणि त्यांचा भाऊ पाच 'लक्झरी ग्लॅम्पिंग' तंबू टाकतायत, डिझायनरने माहितीपत्रकात 'तणावमुक्त ग्लॅम्पिंग लॉज' असं लिहून दिलंय, तर ग्लॅम्पिंगला मराठी शब्द काय आणि बोर्डवर तंबू लिहावं, टेंट की राहुटी?

ग्लॅम्पिंग म्हणजे ग्लॅमरस अधिक कॅम्पिंग, ऑक्सफर्डच्या कोशात 2016 साली आला, यात सांगण्यासारखं फार काही नाही. 'लॉज' मात्र काढाच, आपल्याकडे लॉज म्हटलं की एसटी स्टँडसमोरची बोर्डिंग-लॉजिंगची पाटीच डोळ्यासमोर येते, बाहेरच्या देशात जंगलातल्या महागड्या मुक्कामाला लॉज म्हणतात म्हणून आपल्या गिऱ्हाइकाच्या कानाला तो तसा लागणार नाही.

आता 'तणावमुक्त तंबू'. हे मी गेली दोन-तीन वर्षं पवनेच्या काठापासून कोकणापर्यंत प्रत्येक बोर्डावर वाचतोय आणि दर वेळी अंगाचा तिळपापड होतो. अहो, तणावा म्हणजे तंबूचा दोर! अनेकवचन तणावे. तणावे नसले तर तंबू उभाच राहत नाही. 1689 साली संताजी घोरपड्यांनी तुळापुराकडे औरंगजेबाच्या छावणीत शिरून काय केलं म्हणून सांगतात? तणावे कापले. तंबू खाली बसला आणि सोन्याचे कळस उचलून नेले. ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, तिच्यातला मुख्य शब्द तणावा, आणि आज तंबूच विकणारा माणूस लिहितो तणावमुक्त!

हा शब्द मला कोशातून नाही, वारीत कळला. आमच्या दिंडीच्या राहुट्या ज्यांच्याकडे असायच्या ते बाबा रात्री पावसाचे चार थेंब पडले की उठायचे आणि अंधारातच ओरडायचे, "तणावे ढिले करा रे!" मी म्हणायचो पाऊस आलाय तर घट्ट करायला हवेत. नाही. सुताचा नाहीतर अंबाडीचा दोर भिजला की आखडतो, आखडला की एकतर मेख उपटून निघते नाहीतर कापड फाटतं. सकाळी ऊन पडलं की परत ओढायचे. आता नायलॉनचे दोर आलेत, ते भिजले की उलटे सैल पडतात, म्हणून हल्लीची पोरं पावसात मोगरी घेऊन मेखा ठोकत फिरतात. मेखसुद्धा तंबूचीच बरं का, 'खरी मेख तिथेच आहे' म्हणतो ना आपण, ती हीच जमिनीत ठोकलेली खुंटी. तळ ठोकणं, डेरेदाखल होणं, कनात, सगळी छावणीचीच बोली, आपल्या तोंडात इतकी मुरलीय की तंबू दिसेनासा झालाय.

व्युत्पत्तीकडे येतो, कारण इथे दोन तट आहेत आणि दोन्ही मला पटत नाहीत. संस्कृतवाले म्हणतात तणाव सरळ 'तन्' धातूतून आला, तन् म्हणजे ताणणे, पसरणे, तंतू, तान, ताण सगळे त्यातलेच. फारशीवाले म्हणतात छे, तो 'तनाब', अरबी-फारशीतला तंबूचा दोर, संस्कृतचा काही संबंध नाही, विषय संपला. संपला कसा? दुकान, मैदान, कमान, सामान, तूफान, फारशीकडून आलेल्या बहुतेक शब्दांतला 'न' आपण 'न'च ठेवतो. मग तनाबमधल्या 'न'चा 'ण' का झाला? निशाणचं उदाहरण माझ्या तोंडावर फेकतील, फेका, एका निशाणाने नियम होत नाही. माझं म्हणणं, दोर छावणीबरोबर फारशीतून आला, पण तो ओढणाऱ्या माणसाच्या तोंडात 'ताणणे' आधीपासून होतं, त्याने ऐकलं तनाब आणि म्हटलं तणावा, कारण हातात जे चाललं होतं ते ताणणंच होतं. शब्द परका आणि ण आपला. संस्कृतवाल्यांना दोर दिसत नाही, फारशीवाल्यांना हात दिसत नाही.

राहुटीचंही तेच. हिंदीकडे रावटी. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलच्या आईन-ए-अकबरीत बादशाही छावणीच्या यादीत 'चोबीन रावटी' आहे, चोबीन म्हणजे लाकडी, दहा खांबांवर उभी. (त्याच यादीतला मोठा बारगाह, म्हणजे दरबाराचा तंबू, उभारायला हजार फर्राश, म्हणजे तंबू ठोकणारे नोकर, आठवडाभर लागायचे, म्हणजे लक्झरी तंबू काही आत्ता निघाले नाहीत.) आपल्याकडे रावटीची राहुटी झाली, मधला ह कुठून आला? माझ्या मते 'राहणे'तून. कापडाच्या त्या वस्तूत लोक राहायला लागले आणि शब्दात राहणं शिरलं.

गंमत पुढे आहे. इंग्रजी 'टेंट' लॅटिन तेंदेरे म्हणजे ताणणे यातून येतो, 'टेन्शन'ही त्यातूनच, आणि ते लॅटिन क्रियापद आपल्या तन् धातूचं सख्खं नातलग. म्हणजे टेंट, टेन्शन, तंतू, ताण एका घरातले. 'टेन्शन फ्री टेंट' लिहिणाऱ्याने इंग्रजीतही तीच चूक केलीय.

तुमच्या डिझायनरने पाचातले दोन पारदर्शक काचेसारख्या पडद्याचे गोल डोम सुचवलेत म्हणे, हल्ली सगळीकडे तेच चाललंय. त्याला तंबू म्हणू नका. तो जिओडेसिक सांगाडा, बकमिन्स्टर फुलर या अमेरिकन रचनाकाराने 1954 मध्ये पेटंट घेतलेला, त्रिकोणात त्रिकोण अडकवून स्वतःच्या जोरावर उभा, ताणून धरणारा तणावा त्याला लागत नाही. त्याला घुमट म्हणा, चांगला शब्द पडून आहे. आणि एप्रिलात दुपारी तीन वाजता मी असल्या एका पश्चिमेकडे तोंड केलेल्या घुमटात बसलो होतो, आत एसी घरघरत होता तरी गादी हाताला चटका देत होती. त्यापेक्षा जुना स्विस कॉटेज तंबू बघा, साहेबाच्या काळापासून दौऱ्यावर वापरात, कापडाचे दोन थर आणि मधे हातभर मोकळी हवा, पुढे पडवी, मागे न्हाणी. वरचा थर ऊन खातो, आतला थर गार राहतो. त्या वरच्या थराला धरून ठेवतात ते कोण? तणावेच.

हां, मूळ प्रश्न. कॅम्पिंगला 'तळ' आहेच. ग्लॅम्पिंगला वेगळा शब्द घडवत बसू नका, 'शाही राहुटी' लिहा, वारीला जाणाऱ्यालाही कळेल आणि पुण्याहून गाडी घेऊन काजवे बघायला येणाऱ्यालाही. 'पाल' नको, रस्त्याकडेला पाल ठोकून राहणाऱ्यांचं ते घर आहे, रात्रीला हजारो रुपये लावून त्याचं नाव वापरणं मला बरं वाटत नाही. आणि 'तणावमुक्त' छापायला गेलं असेल तर आजच फोन करून थांबवा.