वाचकांचे प्रश्न : पानावरची अ‍ॅन आणि पडद्यावरची अ‍ॅन

प्रश्न : आमच्या वाचनालयात महिलांचे वाचनमंडळ आहे. या पावसाळ्यात आम्ही जेन ऑस्टिन यांची ‘पर्स्वेशन’ ही कादंबरी वाचली आणि तिच्यावरचे १९९५ व २०२२ चे चित्रपट पाठोपाठ पाहिले. पहिल्यातील नायिका अ‍ॅन फार गप्प वाटते, तर दुसऱ्यातील अ‍ॅन प्रेक्षकांकडे थेट पाहून मनातले सगळे सांगून टाकते. मंडळातील बऱ्याच जणींना दुसरा आवडला. मला तो खटकला, पण का ते सांगता आले नाही. माझे वडील बोटीवर नोकरीला होते. त्यांचे पत्र आले की आई ते ओटीवर उभ्याउभ्याच घाईने वाचून काढी आणि सगळ्यांना खुशाली सांगून झाल्यावर माजघरात जाऊन पुन्हा सावकाश वाचत बसे. अ‍ॅनच्या हाती पत्र पडते तो प्रसंग वाचताना मला तीच आठवली. १९९५ च्या चित्रपटाच्या शेवटी अ‍ॅन नवऱ्यासोबत जहाजावर दिसते. तसे कादंबरीत आहे का?
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : आपल्याला जे खटकले त्याचे कारण कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणात सापडते. वडिलांच्या आणि बहिणीच्या लेखी अ‍ॅन कोणीच नाही, तिच्या शब्दाला घरात वजन नाही, हे ऑस्टिन तिथेच सांगून ठेवतात. एकोणिसाव्या वर्षी, आईच्या जागी असलेल्या लेडी रसेलचे ऐकून तिने वेंटवर्थ या नौदलातील तरुणाशी ठरलेले लग्न मोडले. तो परत येतो तेव्हा ती २७ वर्षांची आहे, आणि मधल्या काळात मन मोकळे करावे असे एकही माणूस तिला मिळालेले नाही. २०२२ च्या चित्रपटाने तिला पहिल्यापासूनच आपल्या, म्हणजे प्रेक्षकांच्या, रूपाने एक मैत्रीण मिळवून दिली. ऐकणारे कोणी भेटले की दुःख हलके होते, हे खरेच आहे. पण अ‍ॅनचे दुःख हलके झाले की कथेचा कणाच मोडतो, कारण शेवटी तिचे बोलणे कान देऊन ऐकणारा एकच माणूस निघतो आणि तो वेंटवर्थ असतो.

रॉजर मिशेल यांनी दिग्दर्शित केलेला १९९५ चा चित्रपट अ‍ॅनला गप्प राहू देतो. अमांडा रूट यांच्या चेहऱ्यावर कॅमेरा पुरेसा वेळ थांबतो आणि जेवणाच्या टेबलावर इतरांचे बोलणे चालू असताना ती कुठे पाहते, हे आपणच टिपायचे असते. माझ्या मते रूपांतराची खरी परीक्षा दहाव्या प्रकरणात आहे. लांबवर चालून थकलेल्या अ‍ॅनला वेंटवर्थ, एक शब्दही न बोलता, आपले मेहुणे अ‍ॅडमिरल क्रॉफ्ट यांच्या घोडागाडीत चढवून बसवतो. ऑस्टिन ती कृती घडताना दाखवतच नाहीत. अ‍ॅन गाडीत बसलेली आहे आणि आपल्याला इथे त्याच्या हातांनी आणले, हे तिला उमगते आहे, तिथून त्या सांगायला लागतात. वाक्याला अशी मागून येण्याची मुभा असते. कॅमेऱ्याला ती नाही, त्याला घडते तेव्हाच दाखवावे लागते. म्हणून त्या हातांवर नजर ठेवावी आणि पुढचे अ‍ॅनच्या चेहऱ्यावर सोडावे, हाच मला प्रामाणिक मार्ग वाटतो. मनातील विचार पात्राच्या तोंडी घालणे सोपे आहे, पण मग वाचकाने स्वतः ओळखण्याजोगे काहीच उरत नाही.

आपल्या आईंच्या आठवणीमुळे पत्राच्या प्रसंगाकडे मीही पुन्हा वळलो. ऑस्टिन यांनी हा शेवट आधी वेगळा लिहिला होता. त्यात पत्र नव्हते. दोघे अ‍ॅडमिरलच्या बिऱ्हाडी समोरासमोर भेटतात आणि गैरसमज दूर होतो. ते त्यांना पटले नाही व त्यांनी तो भाग नव्याने लिहिला. रद्द केलेल्या प्रकरणांचे हस्तलिखित ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यांच्या पूर्ण झालेल्या कादंबऱ्यांपैकी तेवढेच हस्तलिखित आज शिल्लक आहे. नव्या शेवटात अ‍ॅन खिडकीपाशी वेंटवर्थचा मित्र कॅप्टन हारविल याच्याशी बोलते आहे, प्रेम अधिक काळ कोण जपते, पुरुष की स्त्री, आणि त्याच खोलीत वेंटवर्थ ते ऐकत तिलाच पत्र लिहितो आहे. निघून गेल्यावर हातमोजे विसरल्याचे निमित्त करून तो परत येतो, पत्र तिच्यापुढे ठेवतो आणि लगेच जातो. तो उठला त्याच खुर्चीत बसून ती ते वाचते. तिला मात्र माजघर मिळत नाही. माणसे लगेच खोलीत येतात.

जहाजाचा शेवट कादंबरीत नाही. तिथे अ‍ॅनच्या सुखाला एकच गालबोट राहते, ते म्हणजे पुन्हा युद्ध पेटण्याची धास्ती. तरीही चित्रपटाने ते दृश्य हवेतून आणलेले नाही. अ‍ॅडमिरलची पत्नी, म्हणजे वेंटवर्थची बहीण, नवऱ्याबरोबर चार वेळा अटलांटिक ओलांडून आलेली आहे. आपल्याला खरा त्रास झाला तो फक्त एका हिवाळ्यात, नवरा उत्तर समुद्रावर असताना डील या बंदरात एकटे राहावे लागले तेव्हा, असे ती सांगते. बोटीवरच्या माणसाच्या घरात वाढलेल्या आपल्याला तो हिवाळा मी समजावून सांगण्याची गरज नाही.

प्रश्न : ‘वदरिंग हाइट्स’वरील १९३९ चा चित्रपट अर्ध्यावरच संपल्यासारखा का वाटतो?
— एक वाचक, हर्णै

उत्तर : कारण दिग्दर्शक विल्यम वायलर यांनी पुढच्या पिढीची कथा गाळली आहे. एमिली ब्राँटे यांच्या १८४७ मधील या कादंबरीची ३४ प्रकरणे आहेत आणि नायिका कॅथरीन सोळाव्यातच मरण पावते. १९९२ च्या चित्रपटात दुसरी पिढी आहे, आणि आई व मुलगी अशा दोन्ही भूमिका ज्युलिएट बिनोश यांनीच केल्या आहेत. तो मिळवून अवश्य पाहा. आधीच्या पिढीने अडाणी ठेवलेल्या हेअरटनला, म्हणजे आपल्या मामाच्या मुलाला, कॅथरीनची मुलगी जवळ बसून वाचायला शिकवते, ती प्रकरणे मात्र पुस्तकातच वाचावीत.