वर्षाच्या पत्राविषयी

चि. सईस अनेक आशीर्वाद.

शेजारच्या आजींचे नाताळाचे छापील पत्र वाचून तू विचारलेस, की आपल्या मराठी घरांत असे वर्षाचे पत्र का लिहीत नाहीत.

नाताळाचे छापील भेटकार्ड लंडनच्या हेन्री कोल यांनी १८४३ साली काढले, कारण प्रत्येकाला स्वहस्ते लिहिण्याइतकी सवड त्यांना नव्हती. घरातल्या वर्षभराच्या हकिकतीचा एकच मजकूर सर्वांना धाडण्याची अमेरिकेतली रीत त्यानंतर बऱ्याच काळाने, प्रती काढणे सोपे झाल्यावर रुजली. आपल्याकडे एकच मजकूर सर्वांना चाललाच नसता. वडिलांना ‘तीर्थरूप’ म्हणून शिरसाष्टांग नमस्कार, बरोबरीच्यांना सप्रेम नमस्कार आणि धाकट्यांना आशीर्वाद, असा मायना नात्याप्रमाणे बदलत असे.

शिवाय वर्षाची हकिकत साठवून ठेवण्याची गरजही नव्हती. भारतात १८७९ साली पोस्टकार्ड आले, तेही पाव आण्याला, आणि त्यामुळे साध्या घरांतूनही पत्रे बारा महिने जाऊ-येऊ लागली. माझी आजी ‘इकडील सर्व क्षेम’ असे लिहून लगेच पाऊस, विहिरीचे पाणी, गाभण म्हैस, वाळत घातलेले पापड यांच्याकडे वळे आणि जागा संपली की समासात उभे-आडवे लिही. आलेली पत्रे भिंतीवरच्या वाकवलेल्या तारेत ओवून ठेवलेली असत. मृत्यूची वार्ता आणणारे कार्ड मात्र वाचून होताच फाडून टाकत. संक्रांतीला पाकिटातून हलव्याचे चार दाणेही येत, आणि तेवढ्यावरून आम्हा भावंडांत भांडणे होत.

अशा नाताळपत्रांना इथे पुष्कळ लोक नावे ठेवतात, कारण त्यांत बढत्या आणि बक्षिसे यांचीच जंत्री असते. मला मात्र शेजारच्या आजींचे पत्र मनापासून आवडते. त्यांनी लिहिले आहे, की एप्रिलमध्ये तळघरात पाणी शिरले, टोमॅटो यंदा धरलेच नाहीत आणि म्हाताऱ्या कुत्र्याला जिना चढवत नाही म्हणून दोघांनी आपला पलंगच खालच्या खोलीत आणला. त्यांच्या मुलाच्या बढतीची ओळ मी विसरेन. पण त्या पलंगामुळे ते घर आतून कसे चालते हे मला कळले. माझ्या आजीच्या म्हशीचेही तसेच होते: पत्र वाचणारा गोठ्यापर्यंत जाऊन येई.

हल्ली आपण साताऱ्याला सहलींचे आणि वाढदिवसांचे फोटो पाठवतो. त्यांत रोजचा दिवस कुठेच नसतो. म्हणून वर्षाचे पत्र लिहायचेच असेल तर ते तू आजी-आजोबांना लिही. तुझ्या बसथांब्यावर कोण कोण उभे असते, बर्फ पडले की दारातले बूट कुठे ठेवतो, माझी पोळी इथल्या पिठाने का वातड होते, हे सारे त्यांना ठाऊक नाही. अक्षर मोठे काढ, कारण आजोबांना आता बारीक दिसत नाही.

तुझी,
आई