पार्सल नेमकं कुठं अडतं?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

प्रश्न : आमचा महिला बचत गट वायगाव हळदीची पूड पुण्या-मुंबईच्या ग्राहकांना पाठवतो. तालुक्याच्या गावी दोन कुरियरची काउंटरं आहेत, आमच्या गावात शाखा डाकघर आहे. एकाच कुरियरनं पाठवलेलं पुडकं कधी चौथ्या दिवशी पोचतं, कधी अकराव्या. सगळ्यात भरवशाची सेवा कोणती समजायची?
(ता. समुद्रपूर, जि. वर्धा)

उत्तर : कंपनीच्या नावावरून हे ठरत नाही. पुडक्याच्या प्रवासाचे तीन तुकडे पाडा: तुमच्या काउंटरपासून नागपूरच्या हबपर्यंत (हब म्हणजे माल वेगळा करून पुढं पाठवायचं केंद्र), नागपूरहून पुण्या-मुंबईच्या हबपर्यंत आणि तिथून ग्राहकाच्या दारापर्यंत. मधला तुकडा बहुतेक सगळ्यांचा बरा चालतो, कारण त्या मार्गावर माल भरपूर आणि गाड्या रोजच्या. मोठ्या शहरातल्या वाटपातही फार फरक नसतो. तुमचा घोळ पहिल्या तुकड्यात असण्याची शक्यता जास्त.

तालुक्याचं काउंटर बहुधा फ्रँचायझीचं असतं. पाटी कंपनीची, दुकान दुसऱ्याचं, कमाई कमिशनवर. पोती उचलणारी गाडी रोज ठरलेल्या वेळी येते. तुम्ही त्या वेळेनंतर दहा मिनिटांनी पोचलात तरी पावती त्याच दिवसाची मिळते, पुडकं मात्र दुसऱ्या दिवशी हलतं. शनिवारी गाडी चुकली तर थेट सोमवारी. माल कमी असेल तर काही काउंटरवाले पोतं भरेपर्यंत थांबतात. म्हणून काउंटरवर पहिला प्रश्न दराचा विचारू नका. ‘गाडी किती वाजता येते, रोज येते का, इथून कुठल्या हबला जाते?’ हे विचारा. या तिन्हींची उत्तरं जो चटकन देत नाही, त्याच्याकडे घाईचा माल देऊ नका.

मग स्वतः चाचणी घ्या. प्रत्येक सेवेनं सारख्या वजनाची पाच पुडकी, वेगवेगळ्या वारी, त्यांतलं एक शनिवारी. वहीत प्रत्येकापुढं चार नोंदी करा: पावतीची तारीख-वेळ, पहिल्या हबवर स्कॅन झाल्याची वेळ, ग्राहकाच्या शहरात पोचल्याची वेळ, आणि हातात पडल्याची वेळ. ही शेवटची नोंद ग्राहकाला फोन करून घ्या, कारण ‘डिलिव्हर्ड’चा शिक्का कधी कधी पुडकं शेजारच्या दुकानात ठेवूनही पडतो. पावती आणि पहिला हब यांत चोवीस तासांहून जास्त अंतर वारंवार दिसलं, तर काउंटर बदला. कंपनी बदलायची गरज नसते, शेजारच्या तालुक्यात त्याच कंपनीचं काउंटर चोख असू शकतं. हबवरच दोन-तीन दिवस गेले असतील तर दोष कंपनीचा. ग्राहकाच्या शहरात अडलं असेल तर आधी पत्ता आणि मोबाइल नंबर तपासा.

सरासरी काढून फसू नका. चार, चार, चार, चार आणि अकरा यांची सरासरी साडेपाचच्या आत येते, पण तुमचा ग्राहक तुटतो तो त्या अकरामुळं. सेवांची तुलना त्यांच्या सगळ्यात वाईट दिवसावरून करा. ज्याला नेहमी सहा दिवस लागतात तो, कधी तीन आणि कधी अकरा दिवस लावणाऱ्यापेक्षा आमच्या मते चांगला. ग्राहकाला सहा दिवस सांगता तरी येतात.

पाच पुडक्यांवरून वेळ कळते, गहाळ होण्याचं प्रमाण कळत नाही. दर वीसांत एक पुडकं हरवणारी सेवासुद्धा पाचच्या पाच सुखरूप पोचवण्याची शक्यता शेकडा ७७ असते. म्हणून वही चाचणीनंतर बंद करू नका. शंभर-दीडशे नोंदी झाल्या की त्या वहीइतका खरा सल्ला तुम्हाला कुणी देऊ शकणार नाही.

पोस्टाबद्दल. शाखा डाकघरातून टपालाची पिशवी साधारणपणे दिवसातून एकदाच वरच्या उपडाकघराकडे जाते. ती निघायच्या आधी पुडकं दिलं तर एक दिवस वाचतो. ती वेळ ग्रामीण डाक सेवकाला विचारून घ्या. घाई असेल तर थेट उपडाकघरात नेऊन स्पीड पोस्ट करा. हळद नासणारी नाही, ग्राहक थांबू शकतो, तेव्हा मुख्य भार पोस्टावर ठेवावा आणि तातडीसाठी चाचणीत उतरलेला एक कुरियर हाताशी असावा, असं आमचं मत आहे. पूड मात्र दोन पिशव्यांत भरा. आतल्या पिशवीला सीलच्या दोन ओळी, आणि भरताना हवा काढून टाका. पिशवीत अडकलेली हवा पोत्यांच्या थप्पीखाली दबते आणि सील तिथंच उसवतं.

प्रश्न : ऑनलाइन मागवलेली वस्तू आमच्या गावी येतच नाही. ट्रॅकिंगवर ‘ग्राहक उपलब्ध नाही’ असं येतं. आम्ही घरीच असतो, फोनही येत नाही. दोनदा माल परत गेला.
(ता. एटापल्ली, जि. गडचिरोली)

उत्तर : एका पिनकोडखाली अनेक गावं असतात. कंपनीच्या यादीत पिनकोड ‘सेवा उपलब्ध’ असला तरी तिचा माणूस त्यातल्या प्रत्येक गावी जातोच असं नाही. तालुक्यापासून दूरच्या गावांना कुरियरच्या भाषेत ‘ओडीए’, म्हणजे वाटप क्षेत्राबाहेरचं ठिकाण म्हणतात. एका पुडक्यासाठी तीस किलोमीटर मोटारसायकल न्यायची तर पेट्रोलच पुडक्यामागच्या मेहनतान्याहून जास्त होतं. मग चार-सहा पुडकी जमेपर्यंत माल पडून राहतो. पण कंपनीच्या नियमानं रोज काहीतरी नोंद करावी लागते, म्हणून ‘ग्राहक उपलब्ध नाही’ हे बटण दाबलं जातं. असे ठरावीक, बहुधा तीन, प्रयत्न कागदावर झाले की माल परत फिरतो. हे तुमच्यावर अन्यायाचं आहे, आणि गप्प बसल्यानं ते चालू राहतं.

खोटी नोंद दिसताच त्याच दिवशी तक्रार करा, दुसऱ्या दिवशीची वाट पाहू नका. तक्रार विक्रेत्याकडे आणि कुरियरकडे, दोन्हीकडे हवी. कुरियरचा खरा ग्राहक विक्रेता असतो आणि परतीचा खर्च त्याच्या अंगावर येतो, म्हणून तो हलतो. ‘प्रयत्न झालाच नाही, माझ्या फोनवर त्या दिवशी कॉलची नोंद नाही’ असं लिहा आणि कॉल-यादीचा फोटो जोडा. त्याच वेळी तालुक्याच्या शाखेतून स्वतः उचलायची तयारी कळवा. आधारकार्ड आणि ट्रॅकिंग नंबर घेऊन गेलं की काम होतं. जिथं विक्रेता सेवा निवडू देतो तिथं पोस्ट निवडा. पोस्टाचा माणूस तुमच्या गावाच्या शाखा डाकघरापर्यंत येतो, आणि न वाटलेलं पुडकं तिथं साधारणपणे सात दिवस ठेवलं जातं.

पत्ता ‘मु., पो., ता., जि.’ असा पूर्ण लिहा. पो. म्हणजे तुमच्या शाखा डाकघराचं गाव, ते तुमच्या गावाहून वेगळं असू शकतं. ऑनलाइन अर्जात त्याला रकाना नसतो, तेव्हा ते ‘जवळची खूण’ या रकान्यात घाला. दुसरा मोबाइल नंबर असा द्या, जो तालुक्याच्या गावी राहणाऱ्या नातलगाचा आहे. तुमच्याकडे रेंज नसेल तेव्हा तोच कामी येतो.

पावसाळ्याचं गणित वेगळं. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, तिथं कुणाचीच सेवा चालत नाही. जुलै ते सप्टेंबर या काळात औषधं किंवा मुदतीची कागदपत्रं मागवायची असतील तर मुदतीआधी किमान पंधरा दिवस हाताशी ठेवा.

प्रश्न : पुसदहून कुरड्या आणि सरगुंडे मुलीला हैदराबादला पाठवले. माल तीन किलो, पैसे सात किलोंचे घेतले. वर निम्म्या कुरड्यांचा चुरा झाला.
(जि. यवतमाळ)

उत्तर : हलक्या पण जागा खाणाऱ्या मालाला आकारमानाचं वजन लावतात. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणा आणि ५००० नं भागा. काही कंपन्या जमिनीवरच्या वाहतुकीसाठी याहून लहान भाजक धरतात, ते आधी विचारा. ४० × ३० × ३० सेंटीमीटरच्या खोक्याचं वजन ७.२ किलो धरलं जातं, आत काहीही असो. तोच माल ३५ × २५ × २० मध्ये बसवला तर ३.५ किलोंचे पैसे लागतात.

चुऱ्याचं कारण आतली पोकळी. पाच पदरी खोकं घ्या, कुरड्या लहान पाकिटांत भरून उभ्या लावा, चारी बाजूंना आणि तळाशी-वर पाच सेंटीमीटर चुरगळलेला कागद. खोकं बंद करून हलवा. आवाज आला तर अजून कागद घाला. ४८ मिलिमीटरची टेप मधल्या फटीवर आणि दोन्ही कडांवर मारा. दहा किलोंच्या आतल्या पुडक्यासाठीची मान्य चाचणी घरी करता येते: ७६ सेंटीमीटरवरून, म्हणजे साधारण टेबलाच्या उंचीवरून, एकदा कोपऱ्यावर, तीनदा कडांवर, सहा बाजूंवर एकेकदा, असं दहा वेळा पाडा. नमुन्याचं एक खोकं यात टिकलं की पुढं तसंच बांधत राहा. मे महिन्याच्या उन्हात स्वस्त टेपचा डिंक सुटतो, त्या दिवसांत टेपचा वेढा दुहेरी घ्या.

प्रश्न : नागपूरहून ट्रान्सपोर्टनं मागवलेली पाणबुडी मोटार फुटून आली. ट्रान्सपोर्टवाला भाड्याइतकेच पैसे देतो म्हणतो.
(ता. मोर्शी, जि. अमरावती)

उत्तर : तो कमी सांगतो, पण तुम्हाला वाटतं तितकं जास्तही मिळत नाही. रस्ते वाहतूक कायदा २००७ आणि त्याखालचे २०११ चे नियम यांप्रमाणे, मालाची किंमत जाहीर करून जास्तीचं जोखीम-भाडं भरलेलं नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहा पटींपर्यंत, आणि माल पाठवताना कागदावर लिहिलेल्या किमतीच्या आत. भाडं ४०० रुपये असेल तर ४,००० रुपये, मोटार २५ हजारांची असली तरी. किमती मालाला बिल्टी बनवतानाच किंमत लिहून जोखीम-भाडं भरा किंवा वेगळा विमा घ्या.

आत्ता करायचं ते : बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदाराला लेखी नोटीस गेलीच पाहिजे. ती न देता दावा लावता येत नाही. तोंडी बोलणी चालू आहेत म्हणून मुदत थांबत नाही. पुढच्या वेळी माल उतरवताना, सही करण्याआधी, पोहोच-पावतीवर ‘पेटी फुटलेली, तेल गळतंय’ असं लिहा आणि पेटी गाडीत असतानाच फोटो काढा. कोरी सही केली की माल चांगला मिळाला असा अर्थ लावला जातो.

राज्याच्या आत एक लाखावरच्या आणि राज्याबाहेर पन्नास हजारांवरच्या मालाला ई-वे बिल, म्हणजे जीएसटीचा मालवाहतुकीचा ऑनलाइन दाखला लागतो. ते नसल्यानं रस्त्यात अडलेली गाडी म्हणजे ट्रान्सपोर्टचा उशीर नव्हे.

प्रश्न : ट्रॅक्टरचा सुटा भाग एसटीच्या वाहकाच्या हाती देऊन पाठवणं बरं का?
(ता. वरोरा, जि. चंद्रपूर)

उत्तर : नको. पावती नसलेला माल हरवला की दाद कुठंच मागता येत नाही, आणि तो वाहकालाही अडचणीत आणतो. आगारातल्या पार्सल कार्यालयात रीतसर बुक करा. त्याच दिवशी पोचणारी याहून स्वस्त सोय क्वचितच असते. पावतीवर बसची वेळ आणि उतरवायचं स्थानक लिहून घ्या, तिचा फोटो समोरच्याला लगेच पाठवा आणि त्याला स्थानकावर थांबायला सांगा.

प्रश्न : रजिस्टर पोस्ट बंद झालं म्हणतात. मग नोटीस, शेतीची कागदपत्रं कशी पाठवायची?
(जि. बुलढाणा)

उत्तर : २०२५ मध्ये नोंदणी टपाल स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. आता स्पीड पोस्ट करताना नोंदणीची जोड सेवा मागा, म्हणजे पुडकं पत्त्यावरच्या माणसालाच किंवा त्यानं नेमलेल्यालाच मिळतं. पावतीची शाई उडते, तिचा त्याच दिवशी फोटो काढा. फोनवर पावतीवरचा ट्रॅकिंग नंबर सांगताना आकडा चुकला तर ओळखायची सोय त्या नंबरातच असते. नऊ आकड्यांपैकी पहिल्या आठांना क्रमानं ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ नं गुणा, बेरीज करा, ११ नं भागा, बाकी ११ मधून वजा करा. येतो तो नववा आकडा. उत्तर १० आलं तर ०, ११ आलं तर ५. उदाहरणार्थ १२३४५६७८ ची बेरीज २०४, बाकी ६, म्हणून नववा आकडा ५.

प्रश्न : पार्सल हरवलं आणि कंपनी पावतीमागच्या अटी दाखवते. पुढं काय?
(ता. रिसोड, जि. वाशीम)

उत्तर : त्या अटी वाऱ्यावर सोडता येत नाहीत. सही केलेल्या पावतीवर भरपाईची मर्यादा असेल तर ती ग्राहकावर बंधनकारक असते, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये भारती निटिंग कंपनीच्या खटल्यात धरलं आहे. म्हणून किमती मालाचा विमा बुकिंगच्या वेळीच हवा. पोस्टातही हेच: विमा नसेल तर स्पीड पोस्टच्या नियमानं भरपाई शुल्काच्या दुप्पट किंवा १,००० रुपये, यांत जे कमी ते.

तरी तक्रार सोडू नका. आधी कंपनीला ईमेलनं लेखी कळवा. पावती, मालाचं बिल आणि ट्रॅकिंगच्या पानाचा फोटो जोडा. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा. पोस्टासाठी १८०० २६६ ६८६८. त्यापुढं जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात, म्हणजे वाशीमलाच, तक्रार दाखल करता येते; कंपनीचं मुख्य कार्यालय मुंबईत असो की बंगळुरूत. पाच लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या व्यवहाराला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची आहे, पण ट्रॅकिंगची नोंद काही महिन्यांनी संकेतस्थळावरून निघून जाते, तेव्हा ते पान आजच छापून ठेवा.