फ्लोरिडातला तो पेगाससचा भलामोठा पुतळा ग्रीक पुराणातल्या कुठल्या गोष्टीवर आहे? मुद्दाम बघायला जावं का?

गोष्टीचं आधी उरकतो. पुतळ्यात पेगासस ड्रॅगनला तुडवतोय, पण तसं ग्रीक पुराणात नाहीच. केसांच्या जागी साप असलेल्या मेड्युसा राक्षसीचं मुंडकं उडवलं तेव्हा तिच्या रक्तातून हा पंखवाला घोडा निघाला, पुढे बेलेरोफॉन नावाच्या वीराने त्याच्यावर बसून कायमेरा नावाचा राक्षसी प्राणी मारला, म्हणजे पुढून सिंह, मधे बकरी, शेपटीला साप. पुतळा आहे मायामीजवळच्या हॅलंडेल बीचला, तिथे ना बेलेरोफॉन ना बकरी. फ्रँक स्ट्रोनाक, म्हणजे शेजारच्या गल्फस्ट्रीम पार्क रेसकोर्सचे तेव्हाचे मालक, त्यांनी २०१४ मध्ये उभा करवलाय, मग स्वार कशाला, जिंकणार घोडाच.

आता माझं. ताई तिकडेच राहते, गेलो होतो तेव्हा दाजींनी गाडीतून नेलं. १०० फूट उंच घोडा, मागच्या पायांवर उभा, मान वर करून बघता बघता टोपी पडली माझी. दाजी एसी सोडून उतरायला तयार नाहीत, काच अर्धी खाली करून म्हणतात, "भरीव ब्रॉंझ आहे रे, एकदम ओतलंय." मी भोसरीत बावीस वर्षं फॅब्रिकेशन करतोय, मला राहवेना. म्हटलं दाजी, एवढं भरीव ओतायला भट्टी कुठली आणणार आणि उचलणार कशाने, आत स्टीलचा सांगाडा असणार आणि वरून ब्रॉंझचे तुकडे बसवून वेल्डिंग. तर म्हणे, "तुझं ग्रिल-शेडचं काम वेगळं, ही आर्ट आहे." मी तोंड उघडणार तोवर ताईने मागच्या सीटवरून डोळे वटारले. घरचे जावई, गप्प बसलो. रात्री जेवताना परत तोच विषय काढून हसले ते, पाहुण्यांसमोर.

खाली उभं राहून नीट बघा, तुकडे जोडल्याच्या रेषा दिसतात. आकडेही सांगतो, स्टील ३३० टन आणि ब्रॉंझ १३२ टन, म्हणजे सांगाडा कातडीच्या अडीचपट, आणि सगळे भाग कंटेनर भरभरून आणून जागेवर जोडलेत. एवढं स्टील का तर ते पंख, समुद्राकाठी वादळात पंख म्हणजे शिडंच की, वाऱ्याचा सगळा जोर पेलून पायांतून खाली फाउंडेशनला पोचवायचा, आणि घोडा दोन पायांवर! मला विचाराल तर खरी कला तीच, ड्रॅगनचे खवले कोणीही करेल. स्टॅच्यू ऑफ लिबर्टीचंही तसंच, बाहेर तांब्याचा जेमतेम २.४ मिलिमीटर पत्रा आणि आत आयफेलचा, म्हणजे आयफेल टॉवरवाल्याच इंजिनियरचा, लोखंडी सांगाडा. तिला कोणी भरीव म्हणतं का?

जावं का, तर मायामीत असाल तर जा, मुद्दाम विमानाचं तिकीट काढून नको. दिसायला जरा भडकच आहे, आमच्या ताईला अजिबात आवडला नाही, तेही सांगून ठेवतो. दुपारी जाऊ नका, भाजून निघाल. आणि नेणारा गाडीतच बसून राहणार असेल तर सरळ टॅक्सी करा.